पंढरपूरला राहायचं कुठं?

परीक्षा संपली की दोन दिवस पंढरपूर करून यायचं, असं आमच्या ग्रुपवर ठरलं तेव्हा सात जणांनी हात वर केले. पण नंतर जी चर्चा सुरू झाली त्यात विठ्ठलाचं नाव बराच वेळ आलंच नाही. राहायचं कुठं, बाथरूम कशी असेल आणि माणशी किती पडतील, या तीन प्रश्नांभोवतीच सगळं फिरत होतं. एकानं हॉटेलांचे दर टाकले. शनिवार-रविवार नेमका एकादशीला लागून आलेला, त्यामुळे आकडे बघून दोन हात लगेच खाली गेले. शेवटी एका मैत्रिणीच्या आजीनं निरोप धाडला, की हॉटेलं कसली धुंडाळताय, गाडगेबाबांच्या धर्मशाळेत चौकशी करा की.

गाडगेबाबा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शाळेच्या भिंतीवरचं चित्र येतं. वाढलेली दाढी, अंगावर चिंध्या, हातात खराटा. २००० सालापासून त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान निघालं आणि ते चित्र आणखी पक्कं झालं. अमरावतीकडच्या मुलांना तर त्यांचं नाव मार्कशीटवरच दिसतं, कारण तिथल्या विद्यापीठाला ते दिलेलं आहे. झाडू मारणारे बाबा, एवढ्यावर आपण त्यांना मिटवून टाकलंय. आमच्या ट्रिपच्या निमित्तानं मी त्यांच्याबद्दल जरा वाचायला बसले आणि लक्षात आलं, की आमचे ते तीनही प्रश्न या माणसानं शंभर वर्षांपूर्वीच विचारले होते. राहायचं कुठं, घाणीचं काय आणि पैशाचं काय. फक्त ते स्वतःसाठी विचारले नव्हते.

त्यांचं मूळ नाव डेबूजी. डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घर परटाचं. वडील झिंगराजी दारूपायी गेले तेव्हा पोरगा आठेक वर्षांचा होता. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला. तिथं डेबू मामाची गुरं राखत, शेतात राबत वाढला. शाळेचं तोंड बघितलं नाही. पुढे ज्या माणसानं शाळा आणि वसतिगृहं उभारली त्याला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

मामाचं नाव चंद्रभानजी. चांगली शेती, राबती माणसं. पण मामानं सावकाराकडून पैसे घेतले, कागदावर अंगठे उठवले आणि त्या कागदात काय आहे ते घरातल्या कुणालाच वाचता येत नव्हतं. कर्ज फेडत राहिले तरी ते फिटेना. शेवटी जमीन सावकाराच्या घशात गेली. मामा त्या धक्क्यानं खचले आणि त्यातच वारले. जमिनीचा ताबा घ्यायला माणसं शेतात उतरली तेव्हा तरणाबांड डेबू आडवा गेला आणि त्यानं त्यांना पिटाळून लावलं, असं सगळे चरित्रकार सांगतात. पण एक दिवस अडवून जमीन वाचत नसते.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण, बाबांच्या डोक्यातला पुढचा सगळा हिशेब इथं सुरू होतो. बाप दारूनं गेला, मामा कर्जानं. दोन्हींच्या मागं रीतीरिवाज होते. लग्न असो, बारसं असो की मयत, जातीला जेवण घालायचं, त्यात बकरं आणि दारू हवीच, आणि पैसे नसले तर सावकार आहेच. १८९२ साली डेबूजींचं लग्न झालं, कुंताबाईंशी. पहिली मुलगी झाली. बारशाला भाऊबंद जमले आणि पानात मटण-दारूऐवजी गोडाचं जेवण आलं. पंगतीत कुरबूर झाली असणारच. आपण लग्नात डीजे नको म्हटलं तरी घरात दोन दिवस अबोला असतो, तर त्या काळात जातीच्या पंगतीत हे करणं म्हणजे काय असेल!

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजी घर सोडून निघाले. वय एकोणतीसला काही दिवस कमी. घरात म्हातारी आई, बायको, लहान लेकरं. याबद्दल पुढे बोलते, कारण ही गोष्ट मला सहज गिळता आली नाही.

बाहेर पडलेला माणूस काही हिमालयात गेला नाही. वऱ्हाडातच भटकत राहिला. अंगावर फाटक्या कापडाचे तुकडे जोडून केलेला अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी किंवा खराटा आणि एक मातीचं गाडगं. त्या गाडग्यात भाकरी मागून खायची, त्यातच पाणी प्यायचं, उन्हात तेच डोक्यावर उपडं घालायचं. लोक आधी गाडगेवाला म्हणायला लागले, मग गाडगेबाबा, आणखी पुढे गाडगे महाराज. गावात शिरलं की ओळखपाळख न करता झाडायला सुरुवात. कुणाच्या शेतात काम दिसलं तर ते करायचं आणि पैसे न घेता चालू पडायचं.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचं तीर्थ आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. नावातच सगळं आलं. इथं बुडी मारली की माणूस ऋणातून सुटतो, अशी श्रद्धा. ज्याचा मामा कर्जापायी गेला तो या गर्दीत उभा राहून काय विचार करत असेल, याची मी बरीच कल्पना केली. त्याला दिसलं ते मात्र साधं होतं. नदीचा उतार निसरडा. बाया, म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या लेकुरवाळ्या चिखलात घसरून पडतायत. पुण्य मिळतंय की नाही ते नंतर बघू, आधी पाय मोडू नये. तिथं घाट झाला. पूर्णेच्या घाटाचं हे काम १९०८ सालचं मानतात. बाबांच्या बांधकामांच्या यादीतलं हे पहिलं.

गंमत बघा. तीर्थात डुबकी मारून कर्ज फिटत नाही, हे हाच माणूस लोकांना घसा फोडून सांगत होता. कर्ज काढून यात्रा करू नका, सण करू नका, लग्नं करू नका, हे त्याच्या कीर्तनातलं नेहमीचं सांगणं. आणि तोच तीर्थाला पायऱ्या बांधत होता. आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राला ही विसंगती वाटली. त्याचं म्हणणं, पटत नाही तर बांधायचं कशाला? मला वाटतं बाबांना माणसं पुरती कळलेली होती. लोक यात्रेला जाणारच. आपण सांगून थांबणार नाहीत. मग जाणाऱ्याचे हाल कमी करायचे आणि तो मुक्कामाला सापडलाच आहे, तर रात्री त्याला समोर बसवून त्याच्या कर्जाबद्दल चार प्रश्न विचारायचे. यात्रा म्हणजे त्यांना आयती जमलेली सभाच होती.

आता पंढरपूरकडे येऊ.

त्या काळच्या पंढरपूरचं चित्र आधी मनात आणा. १९०६ पासून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी गावापर्यंत यायला लागली होती, पण बहुतेक वारकरी पायीच. आषाढी-कार्तिकीला गावात माणूस मावायचा नाही. पाऊस, चिखल, नदीला पूर. लाखभर माणसं जिथं उतरली तिथंच स्वयंपाक करणार, तिथंच झोपणार आणि तिथंच जवळपास आडोसा बघून बसणार. प्यायचं पाणी पुन्हा चंद्रभागेचंच. यात्रा आणि पटकी ही जोडी गावाला पाठ होती. तरीही ज्याच्या ओळखीचा बडवा, मठ किंवा फड असेल त्याला डोक्यावर छप्पर मिळून जायचं.

महार, मांग, चांभार वारकऱ्यांचं काय? तेही तितकंच अंतर चालून आलेले असत. तेच अभंग म्हणत आलेले असत. पण मंदिरात त्यांना प्रवेश नव्हता. महाद्वारापाशी नामदेव पायरी, तिच्या समोर चोखामेळ्याची समाधी. दर्शन घ्यायचं ते तिथून. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर कोसळून चोखोबा गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून इथं ठेवल्या, अशी परंपरा सांगते. म्हणजे मेल्यावरही चोखोबा दाराबाहेरच. आणि जो देवळात चालत नाही, तो मठाच्या पडवीत तरी कसा चालणार? त्याच्या वाट्याला वाळवंट आणि वरून पाऊस.

बाबांनी १९१७ मध्ये पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा उभारायला घेतली. ज्यांना कुठंच आसरा नव्हता त्यांच्यासाठी पक्की इमारत. मला यात सगळ्यात मोठी वाटली ती त्यांची निवड. पंढरपुरात काहीतरी बांधायचं, एवढाच विचार असता तर देणगीदार देवळाचा कळस मागत होते, सभामंडप मागत होते. पितळी पाटीवर नाव येतं म्हटलं की पैसे लवकर सुटतात. देऊळ न बांधता निवारा बांधायचा, तोही अस्पृश्यांसाठी, आणि त्यासाठी पैसे मात्र सगळ्या जातींकडून गोळा करायचे, ही फार अवघड वसुली होती.

ती कशी केली, तर कीर्तनातून. एखाद्या गावात दिवसभर रस्ते, गटारं, पाणवठा साफ करायचा. लोक आधी हसणार, मग लाजून मदतीला येणार. संध्याकाळी त्याच साफ केलेल्या जागेवर कीर्तन. बाबांच्या कीर्तनात पोथी नसायची. वऱ्हाडी बोलीत समोरच्यालाच प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढायचं. देवाला आंघोळ कोण घालतं, कपडे कोण नेसवतं, नैवेद्य ठेवल्यावर कुत्र्याला हाकलायला काठी घेऊन कोण बसतं, असे एकामागून एक. लोक हसत हसत उत्तरं द्यायचे आणि मग एकदम गप्प व्हायचे. तुमच्यातल्या किती जणांवर कर्ज आहे, हाही प्रश्न असायचा. शेवटी मूठ-मूठ पैसे जमत. स्वतःसाठी एक पैसा घ्यायचा नाही, पायाला हात लावू द्यायचा नाही आणि जेवायला पुन्हा गाडगं घेऊन कुणाच्या तरी दारात उभं राहायचं. हजारोंचा हिशेब ज्याच्या शब्दावर चालत होता तो माणूस झुणका-भाकरीवर जगत होता. त्यामुळे सावकार असो की संस्थानिक, पैसा देताना त्याच्यावर संशय घ्यायला कुणाला जागाच उरत नव्हती.

एक गोष्ट मात्र टोचते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. बाबांच्या पुढाकारानं पंढरपुरात मराठा धर्मशाळा आणि परीट धर्मशाळाही झाल्या. जातीच्या नावानं धर्मशाळा? जातिभेद मोडणाऱ्या माणसानं? मी यावर बराच वेळ अडकले होते. आपण आज बसून पाहिलं की हे चूक दिसतं. पण त्या काळात सगळ्यांची एकच इमारत बांधली असती तर तिच्यात शेवटी कोण राहिलं असतं आणि कोण पुन्हा वाळवंटात गेलं असतं, हे सांगायला फार हुशारी लागत नाही. जात पैसे देते ती आपल्या जातीच्या नावाला, हे त्यांनी ओळखलं आणि त्याच व्यवहारातून चोखोबाच्या नावाची इमारतही त्या रांगेत आणून बसवली. याला तडजोड म्हणा हवं तर. मला ती तडजोड मान्य आहे, आवडत नसली तरी.

मग आळंदी, देहू, नाशिक. नाशिकला गोदाकाठी धर्मशाळा झाली, अपंग आणि भुकेल्यांच्या जेवणाची सोय झाली. मूर्तिजापूरला १९२५ मध्ये गोरक्षण, धर्मशाळा आणि शाळा. नकाशा काढला तर महाराष्ट्रातल्या यात्रेकरूच्या वाटेवर जागोजागी हा माणूस दिसेल. आपण ज्याला ट्रिपची आयटिनररी म्हणतो, तशी त्यांच्या डोक्यात होती. फक्त तिच्यात देवळं नव्हती. या गावात पाणी कुठं, रात्री अंग टाकायला जागा कुठं, आजारी पडलं तर काय, असे मुक्काम होते.

आणि पंढरपूरच्या देवळात? ते कधी गेले नाहीत. दरवर्षी वारीला पंढरपुरात हजर, पण दर्शनाच्या रांगेत नाही. गर्दी देवळाकडे सरकायला लागली की बाबा खराटा घेऊन वाळवंटात. आदल्या दिवशीची घाण काढायची, रात्री त्याच वाळूवर कीर्तन करायचं. हे ते मुद्दाम बहिष्कार म्हणून करत होते, की त्यांना खरोखर तिथं जायची गरज वाटत नव्हती? मला दुसरी शक्यता जास्त पटते. ते विठ्ठलाचं नाव घेत, रात्रभर भजन करत. नास्तिक नव्हते. पण ज्या दारातून चोखोबाला आत घेतलं नाही त्या दारातून आत जाण्याची त्यांना घाई नव्हती, एवढं तर दिसतंच.

आता त्या राहिलेल्या गोष्टीकडे येते. घर.

सगळ्यांच्या मुक्कामाची सोय करणाऱ्या या माणसाच्या बायकोची सोय कुणी केली? कुंताबाई आणि आई सखुबाई मोलमजुरी आणि लोकांच्या आधारावर जगल्या. बाबांनी आपल्या संस्थांमध्ये घरच्यांना वाटा ठेवला नाही. नातेवाइकाचा त्यावर हक्क नाही, कारभारात त्यांना जागा नाही, ही त्यांची कडक अट होती. आज शिक्षणसंस्था आणि देवस्थानं घराण्यांच्या नावावर कशी चालतात ते आपण रोज पेपरात वाचतो. त्यापुढे ही अट लखलखीत दिसते. पण त्या झोपडीतून पाहिलं तर ती तितकी लखलखीत दिसली असेल का? १९२३ साली त्यांचा मुलगा गोविंदा वारला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला होते, कीर्तन चालू होतं. बातमी आली, ती त्यांनी ऐकली आणि कीर्तन पुढे चालू ठेवलं. चरित्रांमध्ये हा प्रसंग वैराग्याची खूण म्हणून येतो. मी तो वाचला तेव्हा मला गोविंदाची आई आठवली. तिच्याबद्दल त्या पानावर दोन ओळीसुद्धा नव्हत्या. थोर माणसांच्या घरच्यांचा हिशेब आपण कधी मांडतच नाही. हा लेखही तो नीट मांडू शकत नाही, पण निदान रक्कम बाकी आहे एवढं तरी नोंदवून ठेवते.

पुढची वर्षं भराभर सांगते. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि दहा दिवसांनी विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडलं. चोखोबाच्या धर्मशाळेचा पाया घातला गेला त्याला तेव्हा तीस वर्षं झाली होती. म्हणजे दाराबाहेर थांबणाऱ्यांना निदान रात्रीचं छप्पर तरी तीन दशकं आधी मिळालं होतं. हे दार उघडल्यावर बाबांनी जे केलं ते मला फार सुंदर वाटतं. त्यांनी ती चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. साल १९४९. यात्रेकरूंच्या जागी विद्यार्थी आले, धर्मशाळेचं वसतिगृह झालं. आंबेडकरांचा आणि बाबांचा स्नेह जुना. एक कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, दुसऱ्याला सही करता येत नाही, आणि दोघांचं एकमेकांवाचून अडत होतं. देवाधर्माबाबत दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी इमारत कुणाच्या हाती सोपवायची, याबद्दल बाबांच्या मनात शंका नव्हती.

भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेशीही त्यांचं असंच नातं. कराडचं सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज १९५४ साली निघालं ते भाऊरावांनीच. तिथं शिकणाऱ्यांनी हे वाचताना कॉलर ताठ करायला हरकत नाही. फक्त ज्याच्या नावानं आपण पदवी घेतो तो पहिलीतही बसला नव्हता, हेही लक्षात असू द्या.

संस्थांचा पसारा वाढला तशी १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. आणि मग आली ती धर्मशाळा, जिच्यापाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळले. १९५४ सालची. ती पंढरपुरात नाही, आळंदीत नाही, कुठल्याच तीर्थावर नाही. मुंबईत आहे, जे. जे. हॉस्पिटलजवळ. खेड्यातून पेशंट घेऊन आलेल्या नातेवाइकांसाठी. घरातलं कुणी मोठ्या सरकारी दवाखान्यात असेल तर तुम्हाला माहीत असेल. पेशंटला कॉट मिळते, सोबत आलेल्याला जिना. माझे काका आजारी होते तेव्हा माझ्या चुलत भावानं एका शहरातल्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर अकरा रात्री काढल्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत रिपोर्ट, आणि कुणी उठवलं की उठायचं.

बाबांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. पन्नास वर्षं ते जत्रा-यात्रांमधून हिंडले होते. दूरचा प्रवास, अनोळखी गाव, हातात थोडे पैसे, मनात धाकधूक आणि कुणीतरी मोठा आपल्याला तारेल ही आशा. अशी माणसं त्यांनी आयुष्यभर पंढरपूरच्या वाटेवर बघितली होती. तीच माणसं आता भायखळ्याला दवाखान्याच्या फाटकाबाहेर फुटपाथवर बसलेली होती. त्यांनी ओळखलं असणार.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत बांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. ते ध्वनिमुद्रित केलेलं आहे. मिळालं तर जरूर ऐका. ऐंशी वर्षांच्या माणसाचा आवाज आहे असं वाटत नाही, आणि समोर बसलेल्या लोकांचा हशा ऐकून आपणही हसतो. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, आजारी बाबांना अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ, पेढी नदीपाशी, रस्त्यातच त्यांचा श्वास थांबला. घर सोडल्यापासून एकावन्न वर्षं ज्याचा मुक्काम कुठंच पक्का नव्हता, त्याचा शेवटही वाटेतच झाला.

जिथं मरेन तिथंच क्रियाकर्म उरका, माझं स्मारक, समाधी, पुतळा काही करू नका, असं त्यांनी बजावलेलं होतं. आपण ऐकलं नाही. अमरावतीत त्यांची समाधी आहे, गाडगेनगर आहे, आणि पुण्यतिथीला तिथं यात्रा भरते. लांबून लोक येतात, त्यांच्या राहण्याजेवणाची सोय करावी लागते. बाबा असते तर चिडले असते आणि मग खराटा घेऊन लोकांच्या आधी तिथं जाऊन पोचले असते.

आमचं पंढरपूर ठरलंय. गाडी कुर्डुवाडीपर्यंत, तिथून पुढे जी मिळेल ती. एकादशी टाळून नंतरचा शनिवार धरलाय, त्यामुळे खाली गेलेले दोन्ही हात पुन्हा वर आलेत. धर्मशाळेत फोन करायचं काम माझ्याकडे आहे. देवळात पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहायचं की मुखदर्शन घेऊन निघायचं, यावर अजून भांडण चालू आहे. महाद्वारासमोर चोखोबांपाशी मात्र आधी थांबायचं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. चादरी आपापल्या आणायच्या, असं मी काल रात्री ग्रुपवर टाकलंय. सातपैकी पाच जणांनी वाचलंय.